चौथी कोरडी विहीर

ज्या गावाला विहिरीची जागा दाखवायला जायचं, त्या गावचं पाणी माझे मामा पीत नसत. जागा ठरली, खणून झालं, पाणी लागलं, की नव्या विहिरीचा पहिला घडा पाणाड्याचा. तोवर पोखरून वाळवलेल्या भोपळ्यातून घरून नेलेलं पाणी. भूम तालुक्याच्या बाजूला वैशाखात कुणी गुळाचा खडा आणि तांब्या पुढं केला, तर मामा गूळ तोंडात टाकत आणि तांब्या मागं सारत. म्हणत, "तहानलेल्याच्या दारी पाणाड्यानं तहान भागवू न्हाय."

दुसरे पाणाडे तळहातावर नारळ धरत, उंबराची फांदी फिरवत. मामांचं सगळं पायात होतं. गावाच्या शिवेवर वहाणा काढायच्या, काखेत मारायच्या आणि दोन-तीन दिवस शिवार तुडवत राहायचं. "म्या खोटं बोलंन, पाय बोलत न्हाय," असं ते अगदी सहज सांगत. एका पाटलांनी हट्ट धरला, विहीर वाड्याच्या दारातच हवी. मामा म्हणाले, "पाटील, पाणी तुमच्या दारात यायला ते काय तुमचा सालगडी हाय?" आणि वहाणा घालून चालू लागले. पाटील स्वतः मागं पळत आले.

पण या माणसाच्या नावावर तीन कोरड्या विहिरी होत्या, आणि त्या ते स्वतःहून सांगत. त्या तीन गावांचं पाणी त्यांना जन्माचं बंद. त्यांतलं एक गाव नेमकं त्यांच्या लेकीचं सासर. लेकीकडं जाताना खांद्यावर भोपळा घेऊन जाणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. व्याही थट्टेनं विचारायचे, "इवाई, आमचं पाणी कडू हाय व्हय?" मामा म्हणायचे, "तुमचं गोडच आसंल. माझा पाय कडू निघाला तवा."

माझे वडील मी लहान असतानाच गेले. या मामांनी मला वाढवलं, कळंबच्या शाळेत घातलं, पुढं शिकवलं आणि मी रस्त्यांच्या कामावर ओव्हरसीअर झालो. मामा मला कौतुकानं 'वरशेरसायेब' म्हणत. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तशा आमच्या बदल्या कुठल्या कुठं होऊ लागल्या. मला समुद्रापासून दोन कोसांवरचं कोकणातलं एक गाव मिळालं. तिथले सरपंच, ज्यांना सगळे दाजी म्हणत, त्यांच्या घराच्या पडवीत मी राहत होतो.

श्रावणात मामा मला भेटायला आले. तीन एसट्या बदलून, डोक्यावर घोंगडी, खांद्यावर भोपळा. घाट उतरल्यापासून पाऊस त्यांच्या सोबतच आला होता. अंगणातून, पायऱ्यांवरून, माडांच्या आळ्यांतून लाल पाणी धावत होतं. मामा पडवीच्या कडेला बसून ते दिवसभर पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "एवढं पाणी, आन् एकाबी धारेला दावं न्हाय."

मामा पाणाडे आहेत हे कळल्यावर दाजी हसून हसून बेजार झाले. "पावसात पाणी शोधायला आलात? मग समुद्रावर जाऊन मीठ पण शोधा हो!" कामावरचे माझे दोन सोबतीही हसले. आणि हे लिहायलाच हवं, मीही हसलो.

मामांनी शांतपणे विचारलं, "चैत-वैशाखात कुठलं पाणी पिता?"

 उत्तर आतून दाजींच्या आईनं दिलं. म्हातारी बाहेर येऊन म्हणाली, "डोंगरापलीकडं झरा आहे. करवंटीनं भरायचं. एक हंडा भरेस्तोवर मागची बाई पेंगते."

मामा उठले आणि पायऱ्यांशी वहाणा काढल्या. तेवढ्यात म्हातारीनं चहा आणला, तर हात जोडले. "आता न्हाय, आई. आता तुमचं पाणी मला बंद." तिला त्यांनी पहिल्या घड्याची रीतही समजावून सांगितली. भोपळा वाटेतच संपला होता. मग मामा पावसात अंगणाच्या मधोमध तांब्या वर धरून उभे राहिले. म्हातारी ओरडली, "अहो, पागोळीखाली धरा, लवकर भरेल!"

"पागोळी तुमच्या घराची हाय. आभाळ कुण्या गावचं न्हाय."

चार दिवस ते असं आभाळाचं पाणी प्यायले आणि कातळावरून, शेतांच्या बांधांवरून अनवाणी फिरले. गाव खिडक्यांतून बघून हसत होतं. मला लाज वाटत होती. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मला एकट्याला कातळाखालच्या एका खोलगट जागी नेलं. चहूबाजूंनी लाल पाणी वाहत होतं. तिथं मात्र दगडाच्या फटीतून बोटभर धार निघत होती, नितळ, जराही रंग नसलेली.

"समदं पळतंय, हे एकलंच सावकाश चालतंय," मामा म्हणाले. "उन्हाळ्यात पाणी कुठं न्हाय तेवढंच दिसतं. पावसात ते कुठं जातंय ते दिसतं. हितं अठरा हात खणा. गावाला तू सांग, तुझं गाव हाय. लागलं की कार्ड टाक, घडा प्यायला येतो."

ते गेल्यावर दाजींनी विचारलं, "काय, सापडलं का मामांना?" सोबती ऐकत होते. मी म्हणालो, "छे. म्हातारपणाचा नाद आहे त्यांचा."

पुढच्या चैत्रात त्या गावाला सरकारी विहीर मंजूर झाली. जागा ओव्हरसीअर म्हणून मी दाखवली, मामांनी सांगितलेली तीच. सतराव्या हाताला पाणी लागलं. साहेब पाहायला आले, त्यांनी विचारलं जागा कशी निवडली. मी उतार आणि खडकाचे थर असं काहीतरी पुस्तकी सांगितलं. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दाजींच्या आईनं पहिला घडा आणि नारळ माझ्यापुढं आणून ठेवला. "तुमच्या मामांनी रीत सांगितली होती. घ्या." सगळा गाव बघत होता. मी प्यालो.

दिवाळीला घरी गेलो. मामांनी उंबऱ्यातच विचारलं, "खणलं का?"

खरं सांगितलं असतं, तर ते घडा प्यायला आले असते आणि माझं सगळं उघडं पडलं असतं. अजून खणलं नाही म्हणालो असतो, तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं असतं. मी म्हणालो, "खणली, मामा. कोरडी गेली."

"किती हात?"

"वीस."

मामांनी आपल्या तळपायांकडं पाहिलं. मग म्हणाले, "मंजे चौथी."

त्यानंतर मी दोन वर्षं दिवाळीला गावी गेलो नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा मामांच्या ओसरीवर पलीकडच्या वस्तीची माणसं बसली होती. त्यांच्या दोन विहिरी आटल्या होत्या. मामा त्यांना सांगत होते, "दुसरा बघा बाबांनो. माझा पाय आता खरं बोलत न्हाय." माणसं पाया पडून म्हणाली, आमी परत येऊ. मामा उठून आत गेले. त्यांच्या पायात वहाणा होत्या. घरातसुद्धा. मामी हळूच म्हणाली, "दोन वर्सं झाली, पाय भुईला लावीना झालेत."

मी दुसऱ्याच दिवशी कोकणात परतलो. निघताना मामांचा भोपळा न विचारता उचलून आणला होता. तो त्या विहिरीवर भरला आणि तसाच मांडीवर धरून तीन एसट्या बदलत पुन्हा गावी आलो.

मामा ओसरीवर होते. मी भोपळा पुढं ठेवला. "कोकणातल्या विहिरीचं पाणी आहे, मामा. सतराव्या हाताला लागलं. पहिल्याच चैत्रात."

त्यांनी भोपळ्याला हात लावला नाही. "पयला घडा कुणी पेला?"

"मी."

"आन् जागा कुणाची म्हनून सांगितलीस?"

"माझी."

मामी दारातून "आरं देवा" म्हणाली. मामांनी बूच काढलं, दोन घोट घेतले आणि तोंडात घोळवले. "गोड हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडं पाहिलं. "घडा पेलास ते पेलास. भाचाच हायस, तुला दिलाबी आसता. पर दोन वर्सं माझ्या पायाला खोटं पाडलंस, ते कशापाई रं? लेकरा, माझ्यापाशी दुसरं हाय काय?"

मी बूच उचलून भोपळ्याला लावलं. 

मामा उठले. वहाणा काढल्या, काखेत मारल्या. पलीकडची वस्ती अर्ध्या कोसावर होती. अंगणात उतरून त्यांनी मागं न बघता हाक दिली, "वरशेर, भोपळा घे. आन् त्या म्हातारीला जाऊन सांग घडा कुणाचा हुता ते."

मी सांगितलं. विहिरीवर, बायका पाणी भरत असताना.  म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मेल्या, माझा नारळ खाल्लास तू! नि त्या बिचाऱ्यानं चार दिवस पाऊस प्यायला!" साहेबांनाही पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही.

पलीकडच्या वस्तीला त्या वर्षी पाणी लागलं. मामांनी मला माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत. पण पुढं प्रत्येक जागा दाखवताना मला कार्ड टाकून बोलावत आणि भोपळा माझ्या खांद्यावर देत. अखेरच्या आजारात लेक त्यांना आपल्या घरी नेत होती. तेव्हाही त्यांनी आधी भोपळा भरून घ्यायला लावला. नेम मोडला नाही.

आमच्याकडं आजही कुणी मामांची आठवण काढली, की कोरड्या किती गेल्या हा हिशेब निघतो. कुणी तीन म्हणतं, कुणी ऐकीव चार सांगतं. मी असलो तिथं मी बोलतो. मामांच्या कोरड्या विहिरी तीनच. चौथी माझी.