अल्फॉन्सो गिटन्सचा कान

अल्फॉन्सो गिटन्सचा मला राग यायचा हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे त्याच्याबद्दल काही बरं बोलले तर तुम्हाला ते खरं वाटेल. माझ्या मावसबहिणीचा, एनिडचा, तो नवरा. क्रिस्तोबाल बंदराच्या धक्क्यावर क्रेन चालवायचा. उंच, सडसडीत, शर्टाला कायम कडक इस्त्री, आणि ती इस्त्री एनिडची. बोलायला लागला की समोरच्यानं ऐकत राहायचं, मध्ये तोंड घातलं की स्वारी रुसली.

पण त्याच्या कानाला तोड नव्हती. पनामातल्या आमच्या कोलोन गावात जॅझचे वेडे काही कमी नव्हते. आमचे आजे-पणजे बार्बाडोसहून आणि जमैकाहून कालवा खणायला आले, ते येताना बायबल घेऊन आले, आणि बंदरात जहाजं लागायला लागली तशा त्यांच्या पोरांच्या घरात रेकॉर्डी आल्या. खलाशी विकायचे, कालव्याकाठचा पट्टा अमेरिकेकडे होता, त्या झोनमधले अमेरिकन परत जाताना पेट्याच्या पेट्या कवडीमोलानं फुंकून टाकायचे. मी स्वतः पोस्टात नोकरी केली आणि नवरा गेल्यावर लोक जसे देवळात जातात तशी रेकॉर्डींच्या मागे गेले. माझ्याकडे भिंतभर आहेत. तरी अल्फॉन्सोसमोर मी गप्पच बसायची.

रविवारी चर्च सुटलं की मंडळी माझ्या गॅलरीत जमायची. पाच-सात डोकी. प्रत्येकानं एक रेकॉर्ड आणायची आणि आठवडाभर काय ऐकलं ते सांगायचं. सांगायचं म्हणजे काय, भांडायचंच. नारळाच्या दुधातला तुरीच्या दाण्यांचा भात मी करून ठेवायची, अंबाडीच्या फुलांचं आलं घातलेलं सरबत असायचं, आणि जेवण झालं की खेळ. रेकॉर्डीच्या लेबलावर तपकिरी कागदाची चकती बसवायची, म्हणजे नाव दिसत नाही. मग लावायची. वाजवणारा कोण ते गाणं संपायच्या आत सांगायचं आणि तो कसा वाजवतोय तेही सांगायचं. संपल्यावर बोललात तर ते धरलं जात नसे.

अल्फॉन्सो कधी चुकला नाही. आम्ही फसवायला काय काय केलं. आडगावच्या बँडच्या रेकॉर्डी आणल्या, कुणी ऐकलं नसेल असे क्लॅरिनेटवाले शोधून काढले. तो डोळे मिटून चार-सहा सूर ऐकायचा, नाव सांगायचा, आणि वर म्हणायचा, ह्या दिवशी ह्याला सर्दी झालेली दिसते. एकदा म्हणाला, हा माणूस नवी कवळी बसवून वाजवतोय. आम्ही हसलो. पुढे कव्हरच्या मागचा मजकूर वाचला तर त्या माणसाचे पुढचे दात अपघातात गेले होते. तेव्हापासून हसणं बंद.

आता रागाचं सांगते. अल्फॉन्सो तरुणपणी ट्रम्पेट वाजवायचा. गावात पर्सी हॉल म्हणून एकाचा बँड होता, त्यात. आणि दर रविवारी, सरबताचा दुसरा ग्लास झाला की, तो पाढा सुरू व्हायचा. पर्सी हॉल बँड घेऊन किंग्स्टनला निघाला होता, तिथून न्यूयॉर्कला जायचं ठरत होतं, अल्फॉन्सोचं नाव पोस्टरवर येणार होतं. आणि एका संध्याकाळी हा धक्क्यावरून घरी येतो तर भिंतीवरची खुंटी रिकामी. एनिडनं ट्रम्पेट विकून शिवणाचं मशीन आणलं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

"माझ्या ओठांवर हिनं टाके घातले," असं तो म्हणायचा. हे वाक्य त्याला फार आवडायचं. दर रविवारी म्हणायचा, आणि एनिड तिथेच कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून हातातल्या पंख्यानं वारा घेत असायची. त्या मशीनवर तिनं निम्म्या कोलोनच्या पोरांचे शाळेचे गणवेश शिवले. ह्याच्या रेकॉर्डी त्यातूनच आल्या. पण खापर मात्र तिच्याच डोक्यावर. मी स्वयंपाकघरात तिला किती वेळा म्हटलं असेन, अगं, एकदा तरी तोंड उघड. ती म्हणायची, जाऊ दे, त्याला बोलून बरं वाटतं. माझ्या डोक्यात तिडीक जायची. पण खरं सांगायचं तर मलाही वाटायचं की एनिडनं तेवढं एक चुकीचंच केलं. असा कान असलेला माणूस वाजवत काय असेल!

त्या रविवारी रोलांदो इकासा उशिरा आला. इकासा न्हावी, बाजारामागे त्याचं दुकान, आणि आमच्यात त्याच्याइतका उचापती कुणी नव्हता. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जाडजूड तबकडी. भंगारवाल्याकडे मिळाली म्हणाला. गावातलं जुनं रेडिओ स्टेशन पाडलं, त्याच्या माळ्यावरचं सामान तिथे आलं होतं. लेबलच नव्हतं, त्यामुळे चकती बसवायचं कामही नव्हतं.

अशा तबकड्या कारखान्यातल्या नसतात. पत्र्यावर काळा लेप असतो, आणि कार्यक्रम चालू असताना मशीन त्यावर तिथल्या तिथे चरे पाडत जातं. जगात तेवढी एकच. आणि दर वेळी सुई फिरली की थोडी खरवडली जाते. म्हणून इकासानं घरी फक्त सुरुवातीचा तुकडा ऐकला होता, कुणाचा बँड ते त्यालाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कुणी पोटभर ऐकून घेतलं असतं. आमच्यातला माणूस तसं करत नाही, तो जपतो. ते जपणंच आम्हाला नडलं.

मी हलक्या हातानं सुई ठेवली. खरखर, मग लोकांचा गलका, मग ड्रम, आणि ट्रम्पेट सुरू झाला.

अल्फॉन्सोनं डोळे मिटले. थोडा वेळ त्याच्या कपाळावर काहीच हललं नाही. मग म्हणाला, हा अमेरिकेतला नाही, आपल्याकडचाच आहे, बेटांवरचा नाहीतर इथला. आम्ही माना डोलावल्या. इकासानं विचारलं, वाजवतो कसा? अल्फॉन्सो हसला.

"शिकाऊ असता तर मी काही बोललो नसतो," तो म्हणाला. "हा बरीच वर्षं वाजवतोय आणि तरी तालाच्या पुढे पळतोय. वरच्या सुराला पोचत नाही म्हणून जोरात फुंकतो. मोठ्यानं वाजवलं की लोकांना सूर लागल्यासारखा वाटतो, हे कळलंय त्याला. दुसऱ्याचं ऐकत नाही. मागे क्लॅरिनेटवाला बिचारा सावरून घेतोय, ऐका. ह्याला कुणीतरी वेळेवर घरी बसवायला हवं होतं."

सगळे हसले. मीही हसले. आणि ट्रम्पेट खरंच तसाच होता, आता त्यानं सांगितल्यावर मलाही दुसरं काही ऐकू येईना. गाणं संपलं. टाळ्या वाजल्या. मग रेडिओवाल्याचा आवाज आला, जुन्या वळणाचं खणखणीत स्पॅनिश. पर्सी हॉल आणि त्यांचा वाद्यवृंद, म्हणाला. आणि ट्रम्पेटवर, आपल्या कोलोनचा तरुण तारा, अल्फॉन्सो गिटन्स.

सुई शेवटच्या चऱ्यात घुं घुं करत फिरत राहिली. ती उचलायचं भान मला राहिलं नाही. इकासाचं तोंड उघडं ते उघडंच. मी अल्फॉन्सोकडे बघायचं धाडस केलं तर त्यानं अजून डोळे उघडले नव्हते. थोबाडीत बसल्यावर माणूस क्षणभर जसा राहतो तसा राहिला होता.

मग आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. आमच्यासारख्या लोकांना सबबी काय कमी? इकासा म्हणाला, स्पीड चुकलाय, त्या काळच्या मशीनला धड स्पीड कुठे असायचा. मी म्हणाले, लेप झिजलाय, वरचे सूर आधी जातात. आणखी कुणी म्हणालं, माइक नक्की ड्रमच्या पुढ्यात ठेवला असणार. मला अल्फॉन्सोचा इतका राग यायचा, पण त्या घटकेला त्याला वाचवायला मी देवाची शपथसुद्धा खाल्ली असती. अशी फजिती दुश्मनाचीही होऊ नये.

आणि अल्फॉन्सोनं त्या सबबी धरल्या. बुडणाऱ्यानं धरावं तशा. डोळे उघडून म्हणाला, हो, स्पीडच चुकलाय. लेपही गेलाय. तेवढ्यावर थांबला असता तर आम्ही ती तबकडी गुपचूप गुंडाळली असती आणि पुन्हा कुणी नाव काढलं नसतं. पण थांबेल तर तो गिटन्स कसला.

"आणि ती रात्र मला आठवते," तो म्हणाला. "निघायच्या आधी हिनं माझं डोकं खाल्लं होतं. घरभाडं, आईचं औषध, काय काय. माणूस वाजवणार कसा? तेव्हापासूनच हिच्या मनात होतं ते."

माझ्या हातात सरबताचा जग होता. तो मी त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर ओतणारच होते. पण कोपऱ्यातला पंखा थांबला.

"स्पीड बरोबर आहे," एनिड म्हणाली.

इतक्या वर्षांत आमच्या खेळात ती एक शब्द बोलली नव्हती. आम्ही सगळे वळलो. ती काही चिडलेली नव्हती. थकलेली दिसत होती.

"मी तिथेच होते, बाजूच्या खांबापाशी," ती म्हणाली. "असंच वाजवलं होतंस. रोजच असं वाजवायचास. दुसऱ्या दिवशी तू कामावर गेल्यावर पर्सी हॉल घरी आला. टोपी हातात धरून उभा राहिला. म्हणाला, शनिवारी तुझ्या नवऱ्याला बँडमधून काढतोय, त्याच्याशी एकट्यानं बोलून बघितलं, तो ऐकत नाही, आता सगळ्यांसमोर सांगावं लागेल. मी म्हटलं, शनिवारपर्यंत तुम्ही काही बोलू नका. त्याच्याकडे ट्रम्पेटच नसेल तर काढायची वेळ येणार नाही."

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

"आणि मशीन?" अल्फॉन्सोनं विचारलं. इतकं सगळं ऐकून त्याला हेच सुचलं.

"पैसे हातात आले होते. मग काय, समुद्रात टाकायचे?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. तू आलास आणि खुंटी बघून ओरडायला लागलास. भांडी फेकलीस. मी बघत होते. म्हटलं, हा ओरडतोय, पण मोडला नाही. काढून टाकलं असतं तर मोडला असता. मग मी गप्प बसले."

मी जग खाली ठेवला. म्हणजे मी जिला वर्षानुवर्षं तोंड उघड म्हणत होते तिच्या तोंडात हे होतं. दर रविवारी तो टाके घातल्याचं वाक्य बोलायचा, आम्ही हळहळायचो, आणि ही हे सगळं गिळून वारा घेत बसायची. मला चाळीस मिनिटं जमलं नसतं. मला तिचा अभिमान वाटला म्हणाल तर तसं नाही. मला भीती वाटली तिची.

अल्फॉन्सो उठेल, चालू पडेल असं मला वाटलं. तो उठला नाही. इकासाला म्हणाला, पुन्हा लाव. इकासा म्हणाला, राहू दे ना, झिजेल. तो म्हणाला, झिजू दे.

दुसऱ्यांदा आम्ही कुणीच ऐकलं नाही, आम्ही त्याच्याकडे बघत होतो. त्यानं ह्या वेळी डोळे मिटले नाहीत. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, टाळ्या, रेडिओवाला, स्वतःचं नाव, सगळं. मला कळत होतं तो काय ठरवतोय ते. स्पीड चुकला म्हणाला तर ट्रम्पेट वाचत होता, पण मग उभ्या गावात ज्याला मान होता तो कान खोटा ठरत होता.

"माझा कान चुकलेला नाही," तो शेवटी म्हणाला. टोपी घेतली, एनिडची पिशवी उचलली, आणि जिन्याशी तिची वाट बघत उभा राहिला. ती पिशवी त्यानं कधी उचललेली मी पाहिली नव्हती.

पुढे बरेच रविवार तो आला नाही. एनिडही आली नाही, आणि मी चौकशी करायला गेले तर दाराशीच म्हणाली, बरे आहोत, नंतर ये. मशीन चालू असल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, संपलं. पण लेंटचे उपवास संपले, ईस्टरचा मसाल्याचा पाव खाऊन झाला, आणि त्याच्या पुढच्या रविवारी दोघं जिना चढून आली, जणू काही झालंच नाही अशी. त्यानं रेकॉर्ड आणली होती. आम्ही लावलेली त्यानं ओळखली. टाक्यांचं वाक्य मात्र आलं नाही, दुसऱ्या ग्लासानंतरही नाही आणि तिसऱ्यानंतरही नाही. आम्ही एकमेकांकडे बघत होतो.

मग एकदा इकासानं बोकास देल तोरोहून आलेला कुणी पाहुणा आणला. भला माणूस, फार बोलका. त्यानं कुठेतरी ऐकलं असावं. जेवताना म्हणाला, गिटन्ससाहेब, तुम्ही स्वतः ट्रम्पेट वाजवायचात म्हणे, मग सोडलात का? मी भात वाढत होते, माझा हात तसाच राहिला. इकासानं पाहुण्याला टेबलाखालून लाथ मारली, पण बाण सुटून गेला होता.

अल्फॉन्सोनं घास संपवला, तोंड पुसलं.

"वाजवायचो," तो म्हणाला. "वाईट वाजवायचो. बायकोनं कुणाला कळू दिलं नाही."

"इतकं काही वाईट नव्हतं," एनिड तिच्या खुर्चीतून म्हणाली.

ती नेहमीसारखीच त्याला सावरायला खोटं बोलत होती. फरक एवढाच की ह्या वेळी त्याला ते ऐकू आलं.