खिशावरची कमान

अमेरिकेच्या सीमेवरच्या एल पासोतल्या आमच्या गल्लीत माझी आई एर्मिनिया ओळखली जायची ती जीन्सच्या मागच्या खिशांमुळे. त्या खिशावर नारिंगी दोऱ्याची दुहेरी कमान असते ना, कारखान्यात ती घालायचं काम तिचं. दोन्ही बाजूंच्या रेघा मधोमध टोकाला मिळायला हव्यात. नव्या बायका तिथे घाईनं कापड ओढायच्या आणि टोक बोथट व्हायचं. आई सुई रुतलेलीच ठेवायची आणि तिच्याभोवती खिसा फिरवायची.

शेजारच्या मशीनवर सोकोरो बसायची. माझ्या बाप्तिस्म्याला तिनं मला हातांवर धरलं. त्या दिवसापासून ती माझी धर्ममाता झाली आणि त्या दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. आम्हा मेक्सिकन लोकांत हे नातं सख्ख्या बहिणीच्याही वरचं. पुढे सोकोरो सुपरवायझर झाली, तरी रविवारी गोड पाव घेऊन आमच्याच स्वयंपाकघरात येऊन बसायची.

"कोमाद्रे, शनिवारी पुलापलीकडे याल का? हुआरेसमध्ये काही मुलींना शिकवायचंय. ऑर्डरी वाढल्यात, आपल्यालाच हातभार लागेल."

"मी काय मास्तरीण आहे?"

"तुमच्यासारखं टोक त्यांना जमलं, तर मालक तुमचे पाय धुईल."

"आधी माझ्या मशीनला तेल द्यायला सांगा त्याला. पाय मागाहून."

कोमाद्रेनं सांगितल्यावर 'कशाला' असं कोणी विचारत नाही. आईनंही विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात ती दर शनिवारी पूल ओलांडून मेक्सिकोत जायची आणि मलाही न्यायची. मुलींना ती नुसती शिलाई शिकवत नव्हती. खिशांच्या कोपऱ्यांत तांब्याचे रिव्हेट का, तर खाणीतली माणसं खिशात दगड आणि हत्यारं कोंबायची, शिवण उसवायची. मागच्या खिशांचे रिव्हेट पुढे काढले, कारण ते घोड्याच्या खोगिरावर आणि शाळेच्या बाकांवर ओरखडे काढत. आता तिथे दाट टाके घालतात. महायुद्धात दोरा वाचवायचा म्हणून ही कमान काही दिवस रंगानं काढत होते, असं तिनं जुन्या बायकांकडून ऐकलं होतं.

"आणि मावशी, हा चिमुकला खिसा?" एकीनं विचारलं. "माझा नवरा मावेल यात?"

"हा साखळीच्या घड्याळासाठी. नवऱ्याचं नंतर बघू, आधी टोक नीट काढ."

सगळ्या हसल्या. आई परतताना खुशीत होती.

शाळा सुरू झाल्यावर एका सोमवारी कारखान्याच्या फाटकाला साखळी दिसली. स्वस्त मजुरीसाठी काम हुआरेसला हलवलं होतं. गर्दीतली एक बाई आईला म्हणाली, "तुझ्याच चेल्या बसणार गं तुझ्या जागेवर."

"सोकोरोला ठाऊक नसणार," आई म्हणाली. "कोमाद्रे आहे ती माझी."

माझा पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा तोंडावर आला होता. चर्चमध्ये माझ्या डोक्यावर मुकुट ठेवायचा मान सोकोरोचा. त्याआधी आईला एकच गोष्ट कळायला हवी होती. मला घेऊन ती सोकोरोकडे गेली. चुलीवर घेवडा शिजत होता, जमिनीवर बांधलेली खोकी होती.

"तुम्हाला केव्हापासून ठाऊक होतं?"

"आधी बसा तरी, कोमाद्रे."

"केव्हापासून?"

सोकोरोनं आच कमी केली. "ईस्टरच्या आधीपासून, तुमचं शनिवारचं शिकवणं सुरू व्हायच्याही आधी. तिकडे मला सुपरवायझर ठेवणार आहेत. मलाही पोरं आहेत. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणाकडून तरी करवून घेतलंच असतं."

"मग मला सांगायचं होतंस."

कोमाद्रे एकमेकींना 'तुम्ही'च म्हणतात, मरेपर्यंत. सोकोरोच्या हातातला डाव तसाच राहिला. "मला तू म्हणता?"

"माझ्याच हातांनी माझी मशीन नेलीस. आणि मी तुझ्यासाठी डब्यात एन्चिलादा घेऊन जात होते गं दर शनिवारी!"

माझी मुलगी आता त्याच वयाची आहे. "आई, ती माझी जिवाभावाची आहे," असं एखाद्या मैत्रिणीबद्दल ती म्हणाली, की मी नको तितके प्रश्न विचारते. ती चिडते. तिचंही बरोबर आहे.

सोहळ्याच्या सकाळी सोकोरोचा नवरा मुकुटाचं खोकं घेऊन दारात आला. आईनं ते न उघडताच परत दिलं. दुसरा मुकुट आणू, असं मावश्या म्हणाल्या, पण आईनं तेही ऐकलं नाही.

मी उघड्या डोक्यानं वेदीपुढे उभी राहिले. फादर इकडेतिकडे बघत म्हणाले, "धर्ममाता कुठे आहे?"

पहिल्या बाकावरून आई म्हणाली, "कामावर गेलीय."