साडूचं अडकणं

अडकावं तर माझ्या साडूनंच. आमच्या वसई-विरार पट्ट्यात इतक्या थाटात अडकणारा दुसरा माणूस नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. गृहस्थ गास गावचा, पेशानं प्रोग्रॅमर, आणि नशिबी कायम दुसऱ्यानं लिहून सोडून दिलेलं सॉफ्टवेअर दुरुस्त करणं. असं परकं कोड हातात आलं की रविवारी सकाळी स्कूटर घेऊन मनवेलपाड्याला आमच्याकडे हजर! मी शाळेत भूगोल शिकवतो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. "म्हणूनच तर येतो," तो म्हणायचा. "साडूभाऊ, तुम्ही फक्त 'मग?' म्हणायचं. समजून घ्यायला जाऊ नका, घोटाळा होतो."

मी सोफ्यावर बसून 'मग?' म्हणत राहायचो आणि तो घरभर येरझाऱ्या घालत बोलत सुटायचा. परकं कोड त्याच्या लेखी परकं घर होतं. आत शिरण्याआधी तिथं कोण राहून गेलं हे त्याला कळायला हवं असे. "हा माणूस भित्रा बघा. दाराला कड्यांवर कड्या लावल्यात. आधीच्या नोकरीत नक्की शिव्या खाल्ल्या असणार." एकदा असाच एक खडूस, टकला, पित्तप्रकृतीचा बुवा त्यानं मनानं उभा केला, आठवडाभर त्याचा उद्धार केला, आणि चौकशी केली तर लिहिणारी निघाली विशीतली एक मुलगी. साडू हटला नाही. "पण पित्त असणारच," म्हणाला.

घरात जमलं नाही तर अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून हा हातवारे करत ओरडायचा, "आत जातो, पण बाहेरच येत नाही हो! कुठं अडकतो?" एक कोळीण बोंबील उलटता उलटता थांबली. "पोरगा हाय का तुजा?" तिनं कळवळून विचारलं. साडूनं तिलाही पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाई मध्येमध्ये "मंग?" म्हणत गेली, आणि साडू एकदम कपाळावर हात मारून स्कूटरकडे पळाला. सापडलं होतं! त्या वेळचा त्याचा चेहरा काय सांगू तुम्हाला. लग्नातसुद्धा तो एवढा खुश दिसला नव्हता.

आता त्याच्या लॅपटॉपमध्ये एआय आलाय. परकं कोड त्याच्यापुढे टाकलं की चहा गाळेपर्यंत कुठला भाग काय करतो ते शुद्ध भाषेत समोर. साडू वेळेवर घरी पोचतो, मेहुणी खुश, साहेब खुश. वाईट कसं म्हणू? रविवारी तो अजूनही येतो, वेलची केळी आणतो, मॅच बघतो. येरझाऱ्या तेवढ्या थांबल्या.

गेल्या महिन्यात मॅच चालू असताना त्याला ऑफिसातून फोन आला. त्यानंच नुकत्याच दुरुस्त केलेल्या कोडातली एक ओळ तशी का ठेवली, एवढंच विचारत होते. साडूनं "त्याचं असं आहे" म्हणत सुरुवात केली. मग लॅपटॉप उघडून त्या एआयलाच विचारलं. उत्तर आलं, ते त्यानं फोनवर वाचून दाखवलं.

"बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"बरोबरच आहे हो. पण ते माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. पूर्वीचं कुठलंही कोड घ्या, झोपेतून उठवून विचारा, आत्ता सांगेन."

"मग बस की पूर्वीसारखा अडकून. सांग मला. मी आहेच."

"बसतो ना! हट्टानं बसतो. जरा डोकं खाजवतो, आणि हात आपोआप तिकडं जातो. उत्तर शेजारीच बसलंय म्हटल्यावर अडकून राहवत नाही, साडूभाऊ."

तो गेल्यावर बायको म्हणाली, "सुखानं करतोय ना काम? मग झालं तर." झालंच. पण खरं सांगू? मला त्याची फार आठवण येते, आणि तो तर दर रविवारी समोरच बसलेला असतो.

परवा जीवदानीच्या पायऱ्या चढलो. देवीपुढे हात जोडले आणि म्हटलं, आई, माझ्यासाठी काही नको. आमच्या साडूला एकदा असं काहीतरी दे, की त्या यंत्रालाही उलगडायचं नाही. फार मोठं नको. एका रविवारपुरतं.