विचारल्याशिवाय उघडलेली फाईल

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. सोनईच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत, एसटीडी बूथला लागून एक कॉम्प्युटर सेंटर होतं. तिथं मी कामाला होते. वय बावीस. नगरला जाऊन-येऊन सहा महिन्यांचा कोर्स केला होता, तेवढ्यावर गावातले लोक मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असं समजत. मलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं.

सेंटरमध्ये तीन मशीन होती आणि इंटरनेट फक्त एकावर. फोनच्या लाईनवरून ते जोडलं जायचं. जोडणी लागताना मोडेम चिरकायचा आणि बाकावर बसलेली माणसं गप्प होऊन त्याच्याकडे बघायची. कुणाला नोकरीची जाहिरात हवी असायची, कुणाला कॉलेजचा फॉर्म. फॉर्म बहुतेक वेळा वर्डच्या फाईलमध्ये यायचे. फाईल यायला लागली की पडद्यावर एक चौकट उघडायची आणि इंग्रजीत विचारायची, ही फाईल उघडू की साठवून ठेवू? त्याच्याखाली एक छोटी टिकमार्क होती, या प्रकारची फाईल उघडण्याआधी दर वेळी विचारायचं, अशा अर्थाची.

ती चौकट आली की मागे उभं असलेलं माणूस घाबरायचं. "ताई, काय बिघडलं का?" दिवसातून वीस वेळा तेच. एका सकाळी मी वैतागून ती टिकमार्क काढून टाकली. त्यानंतर वर्डची फाईल आली की न विचारता आपोआप उतरायची आणि उघडायची. काम झटपट व्हायला लागलं. सरांना, म्हणजे सेंटरच्या मालकांना, मी हे सांगितलंसुद्धा नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नव्हतं.

शेजारच्या मशीनवर तेव्हा, सगळे ज्यांना काका म्हणत, ते बसले होते. तहसीलच्या आवारात तीस वर्षं टाईपरायटरवर अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाईप करून आता घरी बसलेले. साठीला टेकलेले असूनही कॉम्प्युटर शिकायला रोज सकाळी यायचे. माऊस त्यांच्या हाताखाली पळून जायचा, पण टायपिंगला मी त्यांच्यापुढे काहीच नव्हते. त्यांनी चष्म्यावरून माझ्या पडद्याकडे पाहिलं.

"त्याला विचारायचं बंद केलंस?"

"उगाच वेळ जातो, काका."

"बरं," एवढंच ते म्हणाले.

त्याच सुमारास घोडेगावचे जनावरांचे डॉक्टर माझ्याकडे प्रबंध टाईप करायला देत होते. तिथल्या बाजारात येणारी जनावरं तपासण्यात त्यांची कित्येक वर्षं गेली होती. लाळ-खुरकुताची साथ कुठून येते, कशी पसरते, याची त्यांनी हाताने रजिस्टरं ठेवली होती आणि त्यावर इंग्रजीत प्रबंध लिहिला होता. सात प्रकरणं, सात फायली. तक्ते तर मी त्यांना शेजारी बसवून थेट रजिस्टरावरून तयार केले होते. सोमवारी प्रबंध विद्यापीठात पोचायचा होता. मुदत एकदा वाढवून मिळाली होती, आता मिळणार नव्हती.

गुरुवारी दुपारी एक मुलगी नर्सिंगच्या कोर्सचा फॉर्म शोधायला आली. शोधता शोधता एका अनोळखी पानावर गेलो. तिथल्या एका ओळीवर मी क्लिक केलं आणि बघता बघता वर्ड उघडलं. आत फॉर्म नव्हता. कोरं पान आणि वर एक अर्थ न लागणारी इंग्रजी ओळ. मी ते बंद केलं, दुसरीकडून तिला फॉर्म काढून दिला. मुलगी गेली.

मग डॉक्टरांचं तिसरं प्रकरण उघडलं. एक-दोन दुरुस्त्या राहिल्या होत्या.

तक्ते नव्हते. जिथं तक्ते होते तिथं एकच शब्द पुन्हा पुन्हा, ओळींमागून ओळी, पानाच्या तळापर्यंत. मला वाटलं, माझ्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं. बंद करून पुन्हा उघडलं. तेच. पहिलं प्रकरण उघडलं. सुरुवातीला नीट दिसलं, जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्या पानावर तोच शब्द. दुसरं उघडलं. चौथं उघडलं. पाचवं उघडलं. मग फ्लॉपी आठवली. सगळ्या फायलींची एक प्रत फ्लॉपीवर होती. ड्रॉवरमधून काढून मशीनमध्ये घातली आणि त्यातलं तिसरं प्रकरण उघडलं. ते चांगलं होतं! पुढच्या पानावर गेले, परत मागे आले, आणि माझ्या डोळ्यांदेखत तेही गेलं.

एक एक करून पाचही प्रकरणं मी फ्लॉपीवर तशीच उघडली. सहाव्याकडे हात गेला तेव्हा काकांनी माझं मनगट धरलं. सकाळी शिकून झालं की ते पेपर वाचत बाकावर बसायचे. ते कधी उठून मागे आले मला कळलं नव्हतं.

"थांब पोरी. काही उघडू नकोस."

"काका, बघायला नको का किती गेलंय?"

"तू उघडतेस आणि मग ते जातंय. मी मघापासून बघतोय. कार्बन पेपरला डाग पडला असला तर त्याच्यावर नवे कागद घालत बसायचं नाही. हात काढ."

मी हात काढला. त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. सहावं आणि सातवं प्रकरण शाबूत राहिलं ते त्यांच्यामुळे.

पाचच मिनिटांत सर आले. मी रडत रडत सांगितलं की डॉक्टरांच्या पाच फायली खराब झाल्या, फ्लॉपीसुद्धा. का झालं ते मला एव्हाना कळलं होतं. त्या कोऱ्या पानातून व्हायरस न विचारता आत आला होता आणि त्याला आत यायची मुभा मी दिली होती. पण सरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा:

"सकाळी या मशीनवर कोण बसलं होतं?"

"मी," काका म्हणाले.

"तरी मी म्हणत होतो! तुम्हाला दहा वेळा सांगितलं काका, भलतीकडे क्लिक करू नका. आता त्या डॉक्टरांना मी काय तोंड दाखवू? शिकायची हौस तुमची आणि निस्तरायचं आम्ही!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी बोलेन म्हणून वाट पाहिली असावी. ही नोकरी गेली तर पुन्हा घरी बसायचं, आणि आमच्या वस्तीतून बाहेर पडून पांढरपेशं काम करणारी मी पहिलीच मुलगी. एवढं सगळं त्या एका क्षणात डोक्यात आलं. मी खाली बघितलं.

काकांनी चष्मा डबीत ठेवला, पिशवी उचलली, चपला घातल्या आणि गेले.

संध्याकाळी घरी आले. माझे वडील, अण्णा, साखर कारखान्यात फिटर होते. आई भाकरी थापत होती, तिच्याशेजारी बसून मी त्यांना सगळं सांगितलं. टिकमार्क काय हे त्यांना कळलं नसेल. पण बाकीचं कळलं.

"म्हातारा काय बोल्ला न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आनि तू?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. अण्णांनी ताट बाजूला सारलं. "मशीन बिघडती, दुरुस्त व्हती. हे तुझं तुलाच दुरुस्त करावं लागंल. सकाळी पैल्यांदा ते कर. नोकरी ऱ्हाईल न्हाईतर जाईल."

सकाळी सेंटर उघडायच्या आधी मी पायरीवर जाऊन बसले. सर आले, कुलपाला किल्ली लावली, तेवढ्यात मी बोलून टाकलं. ते किल्ली तशीच धरून उभे राहिले.

"काल का नाही बोललीस?"

"भीती वाटली."

त्यांनी किल्ली फिरवून कुलूप काढलं. मग म्हणाले, "डॉक्टरांना तूच सांगायचंस. आजच."

शुक्रवार होता, घोडेगावचा बाजार. जीपमध्ये दाटीने बसून तिथं पोचले तेव्हा बाजार भरात होता. धुरळा, हंबरणं, दलालांचे रुमालाखाली बोटं दाबून चाललेले सौदे. एका म्हशीचं तोंड उघडून डॉक्टर जीभ तपासत होते. मला पाहून हसले. "छापून आणलंस?"

मी सांगितलं. म्हशीच्या मालकासमोरच सांगितलं, थांबले असते तर धीर गेला असता. डॉक्टरांचा हात म्हशीच्या जबड्यावर तसाच राहिला. चेहऱ्यावरचं हसू मात्र कुठल्या कुठे गेलं.

"पाचही?"

"पाचही. सहावं आणि सातवं आहे."

त्यांनी हात धुतले. इतका वेळ धुतले की मला वाटलं आता ते मला हाकलून देणार. मग म्हणाले, "हस्तलिखित घरी आहे. रजिस्टरं आहेत. तक्त्यांना मात्र आपल्याला पंधरा दिवस लागले होते." "सोमवारी दहाला मला तिथं उभं राहायचंय. कसं करणार, ते तू सांग."

उत्तर एकच होतं. दुपारी रजिस्टरं काखेत मारून मी काकांच्या घरी गेले. ते पलंगावर बसले होते. मी उंबऱ्याच्या आत जाऊन खाली बसले आणि माफी मागितली. सरांना सांगितलंय, डॉक्टरांनाही सांगितलंय, हेही सांगितलं.

"मला माहीत होतं तू काय केलंस ते," काका म्हणाले. "टिकमार्क काढलीस तेव्हा मी शेजारीच होतो की."

"मग तुम्ही सरांना का नाही सांगितलं?"

"तुझं नाव मी कशाला घेऊ? ते तुझं काम होतं." त्यांनी माझ्या काखेतल्या रजिस्टरांकडे बोट केलं. "हे काय आणलंयस?"

तक्ते त्यांनीच केले. सेंटरवर यायला नाही म्हणाले. घरच्या इंग्रजी टाईपरायटरवर, शुक्रवारी दुपारपासून रविवारपर्यंत, रकान्याखाली रकाना मोजून. मी सेंटरमधल्या दुसऱ्या मशीनवर मजकूर टाईप करत होते, डॉक्टर वाचून दाखवत होते आणि सर स्वतः सेंटर आणि काकांचं घर यांच्यात कागद पोचवत होते. एकदा वीज गेली तेव्हा आम्हा चौघांपैकी फक्त काकांचं काम चालू होतं. रविवारी संध्याकाळी प्रबंध बांधायला दिला. त्यात मजकूर कॉम्प्युटरच्या अक्षरात होता आणि तक्ते टाईपरायटरच्या.

पुढच्या आठवड्यात सर आणि मी त्या मशीनवर सगळं नव्याने घातलं. मग फाईलच्या प्रकारांची लांबच लांब यादी उघडली आणि एक एक प्रकार निवडून, उघडण्याआधी विचारायचं, अशी टिकमार्क करत गेलो. पूर्ण सकाळ गेली. आज मोबाईल नवा घेतला की मी आधी फायली आपोआप उतरवणं बंद करते, मुलं हसतात. सेंटरमध्ये नंतर ज्या मुली कामाला आल्या त्यांना ती चौकट मी मोठ्याने वाचायला लावायचे, दर वेळी, कितीही गिऱ्हाईक उभं असलं तरी.

प्रबंध मंजूर झाला. तक्ते मजकुराच्या अक्षरात का नाहीत, असं परीक्षकांनी विचारलं म्हणे. डॉक्टर काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

सर काकांच्या घरी दोनदा माफी मागायला गेले. काकांनी दोन्ही वेळा चहा पाजला, चौकशी केली, आणि सेंटरवर पाऊल ठेवलं नाही. डॉक्टरांनी आणलेले पेढे घेऊन मी गेले तेव्हा ते कुणाचा तरी अर्ज टाईप करत होते. अर्धा पेढा खाऊन त्यांनी उरलेला खोक्यात ठेवला.

"काका, आता तरी या ना. माऊस यायला लागला होता तुम्हाला."

"नाही गं," ते म्हणाले आणि कागद वर सरकवला. "तिथं नाही. तू येत जा इकडे."

मी जात राहिले, त्यांनी डोळे मिटेपर्यंत.