दोन बोटं मोहाची

ग्लासाला बाहेरून आडवी बोटं लावून ते आधी माप घ्यायचे आणि मगच मोहाची दारू ओतायचे. "खेकड्याले मोहाची दोन बोटं. तिसरं लावलं का खेकडा हारला," असं म्हणून बाटलीचं बूच घट्ट लावायचे आणि बाटली पाठीमागे ठेवून द्यायचे. ती बोटं कधी निळी असायची, कधी हळदीसारखी पिवळी, कधी लाखेच्या लालीने माखलेली. आंधळगावच्या आमच्या विणकर संस्थेत ते कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, सूत रंगवायचे. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणायचो.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा संस्थेचं तिकडचं केंद्र बंद पडलं आणि मी कारकून म्हणून आंधळगावला आलो. रोज भंडाऱ्याहून एसटीने जायचं आणि संध्याकाळी परतायचं. पहिल्याच आठवड्यात काकाजींनी माझा डबा न विचारता उघडला, आत पाहिलं आणि झाकण परत लावलं.

"बाबू, तब्येत बरी नाही काय तुही?"

"बरी आहे. का?"

"मंग दुधी काहून खाऊन राहिला?"

पिणारी माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. काकाजी त्यांच्यातले नव्हते. सोबत काही नसेल तर ते थेंबालाही शिवत नसत, आणि सोबत चुकीची असेल तर उपाशी उठत. बकऱ्याचं रक्त कांद्यात परतून केलेली रक्ती असली की तिच्याबरोबर शिंदी, तीही ऊन चढायच्या आत उतरवलेली. खेकड्याला मोहाची. वांब मासोळीला नुसतं माठातलं पाणी, कारण "वांब लाजरी असते, तिच्यासंगं कोणी बोलू नये." आणि कोशाच्या किड्याला कोरा चहा. संस्थेत कोसे उकळून बाया धागा काढायच्या. आतला किडा कोणी फेकायचं, कोणी कोंबड्यांना घालायचं. काकाजी तो निवडून घ्यायचे, तव्यावर मीठ टाकून कुरकुरीत करायचे आणि रंगाच्या चुलीवरच चहा ठेवायचे. विणकरांतली जुनी माणसं तोंड फिरवायची. "ज्याच्या धाग्यावर जगता, त्याची चव तरी पाहा," असं काकाजी त्यांना ऐकवायचे.

घास तोंडात, मग घोट, मग डोळे मिटून थांबणं. एवढं झालं की निकाल यायचा. तर्जनी वर झाली तर "जमते." मान हलली तर "नाही जमत. दोघं भांडून राहिले." या दोन शब्दांपलीकडे त्यांनी कधी कौतुक केलं नाही की नावं ठेवली नाहीत.

मला बाटवलं ते करडी गावात. त्यांचा एक शेतकरी मित्र तिथे होता. धान कापून झालं होतं, बांध खणून उंदीर काढले होते आणि तणसाच्या जाळावर भाजायला ठेवले होते. मी दहा पावलं लांब उभा. काकाजी म्हणाले, "सालभर धानच खाल्लं त्यानं. तुह्यापेक्षा सोवळा आहे तो." मी डोळे मिटून एक तुकडा तोंडात टाकला. त्यांनी ग्लासाला एकच बोट लावलं आणि मोहाची माझ्यापुढे केली. घोट उतरला आणि मला माझ्याही नकळत दुसरा तुकडा हवासा वाटला. घरी मी आजतागायत सांगितलेलं नाही. त्या बांधावर बसून मी आयुष्यात पहिल्यांदा चव म्हणजे काय ते शिकलो, हे मात्र खरं आहे.

ती जीभ त्यांच्या कामाचीही होती. रंगाचं पाणी बरोबर झालं की नाही हे ते थेंब जिभेला लावून सांगायचे, आणि थुंकून टाकायचे. संस्थेच्या साहेबांनी कितीदा रागावून सांगितलं. काकाजी मान डोलवायचे आणि पाठ वळली की पुन्हा थेंब जिभेवर.

खाणं झालं की खर्रा. हा जोड्यांत धरलेलाच नसायचा. हात धुणं जसं, तसा खर्रा. तो मी आणायचो. भंडाऱ्याच्या बसस्टँडजवळ एक पानठेला होता, तिथला खर्रा काकाजींना आवडायचा. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घालून पाटीवर घोटलेला. एसटीत बसण्याआधी मी दोन पुड्या घ्यायचो, एक त्यांची आणि एक माझी. माझी सवय त्यांच्यामुळेच लागली, पण रोज आणून देणारा मी होतो.

मग एका उन्हाळ्यात त्यांच्या तोंडाची आग व्हायला लागली.

आता त्यांनी काय केलं ते ऐका. ज्याने आयुष्यभर जोड्या लावल्या, त्याने एकेक जोडी सोडवून बघायला घेतली. आधी मिरची बंद. आग राहिली. मग शिंदीवर संशय. शिंदी सोडली, आग राहिली. मग मोहा. "यंदाचा मोहा पाण्यात सापडला बाबू, त्याच्यानं होऊन राहिलं," म्हणाले आणि तोही सुटला. मग भांडी. जर्मनच्या पातेल्याचा दोष असेल म्हणून भंडाऱ्याहून कल्हई केलेलं पितळी भांडं मला आणायला लावलं. रक्ती गेली, खेकडा गेला, उंदीर गेला. प्रत्येक वेळी आठ-पंधरा दिवस वाट पाहायची, आणि नवं काही तपासण्याआधी तोंड साफ व्हावं म्हणून एक खर्रा घोळवून घ्यायचा.

मला कळत नव्हतं असं नाही. दवाखान्याच्या भिंतीवर तंबाखूने सडलेल्या तोंडाचं चित्र लावलेलं होतं, रोज एसटीच्या खिडकीतून दिसायचं. मी बोललो नाही. त्यांचा खर्रा सुटला असता तर माझाही सोडावा लागला असता. एवढंच कारण आहे. याहून चांगलं कारण मी बरीच वर्षं शोधलं, सापडलं नाही.

शेवटी मी त्यांना नागपूरला नेलं. डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं आणि म्हणाले, "आपली तीन बोटं उभी धरून आत घाला. निरोगी तोंडात तिन्ही जातात." काकाजींनी रंगलेली बोटं ओठांशी नेली. दोन गेली, तिसरं दातांवरच अडलं. डॉक्टर म्हणाले, "खर्रा?" काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. एवढी साधी जोडी आपल्याला कशी दिसली नाही, याचं नवल होतं. मी खाली पाहिलं. गालाच्या आत एक चट्टा होता, तो वाईट होता, जिभेपर्यंत गेला होता. कापावं लागेल, जीभही थोडी जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

परतीच्या गाडीत काकाजी म्हणाले, "जीभ देऊन काय वाचवाचं बाबू? राह्यलं काय मंग?" मी समजावलं, घरी त्यांच्या बायकोने, काकूंनी, रडून समजावलं. त्यांनी ऐकलं नाही. पुढे दुखणं सोसेना तेव्हा तयार झाले, पण तोवर डॉक्टरच नको म्हणाले.

तोंड उघडणं दोन बोटांचं दीड झालं, मग एक. भाताची पेज तेवढी जायची. एकदा मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, शब्द नीट फुटत नव्हते, "पेजेसंगं काय लावाचं?"

शेवटचा भेटलो तेव्हा मी करडीहून खेकडे आणले होते. काकूंनी ते कुटून, उकळून, धोतराच्या फडक्यातून रस गाळला. तिखट नाही, मसाला नाही. मी चमच्याने भरवला. त्यांनी डोळे मिटले, जुन्या सवयीने थांबले. मग विचारलं, "कायचं आहे?"

"खेकडा, काकाजी."

"हं," म्हणाले. बोट वर झालं नाही, मानही हलली नाही.

मग त्यांनी डावा तळहात पुढे केला आणि त्यावर उजवा अंगठा घासला. खर्रा. मी काकूंकडे पाहिलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"द्या बाबू," त्या म्हणाल्या. "आता कायले अडवाचं."

पुडी माझ्या खिशात होतीच. ती तेव्हाही खिशात होती, हे लिहिताना लाज वाटते. मी चिमूटभर काढून त्यांच्या गालात सारली. त्यांनी डोळे मिटले. वाट पाहिली. आणि फिकट निळी तर्जनी गोधडीवरून हळूहळू वर आली.

"जमते," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात ते गेले. मी मौतीहून परत निघालो तेव्हा एसटीला वेळ होता. स्टँडवर कोणी पाहत नाही असं बघून मी तोंड उघडलं आणि तीन बोटं उभी धरून आत घातली. दोन गेली.