बॅटीचं ‘आत्ता’

बॅटी गॅल्व्हिनने स्केलिगच्या खडकावर गुपचूप लग्न उरकलं, ही बातमी पोर्टमॅगी गावात कुणी आणली ते विचारू नका. मॉर्टी कीटिंगच्या पबातून निघाली एवढं सांगितलं म्हणजे पुरे. तिथे काळी बिअर आणि बातम्या एकाच नळाने ओततात, आणि दोन्हींवर फेस भरपूर. नवरी म्हणे हॅनी डेव्हेन, धक्क्यावर सूप आणि खेकड्याचं सँडविच विकणारी. वरात बोटीतून, वऱ्हाडी समुद्रपक्षी.

खरं एवढंच, की सप्टेंबर संपता संपता दोघं एका बोटीत होती. लग्न लागलं नाही. हॅनीचा पायसुद्धा खडकाला लागला नाही, आणि सगळं तिथेच बिनसलं.

ख्रिस्ती उपासाचे चाळीस दिवस सुरू झाले की चर्चमध्ये लग्नं बंद. पण समुद्रातल्या त्या खडकावर, जिथे जुने संन्यासी दगडाच्या घुमट्या रचून राहिले, तिथे म्हणे उपास उशिरा सुरू व्हायचा. म्हणजे मुहूर्त हुकलेल्यांना एक दार उघडं. म्हणून उपासाच्या आदल्या मंगळवारी गावातले टवाळ गाणी रचायचे, बिनलग्नाच्या बाप्यांच्या आणि बायांच्या जोड्या लावायचे आणि त्यांना स्केलिगला धाडायचे. इतर गावांनी ही खोड केव्हाच सोडली. इथे मॉर्टी आहे.

ऐन तारुण्यात मॉर्टीने एका गाण्यात बॅटीला हॅनीशी जोडला. बॅटीच्या कानाच्या पाळ्या आठवडाभर लाल. हॅनी मात्र दुसऱ्याच दिवशी धक्क्यावर हजर.

“ऐकलंस ना गाणं?”

“मॉर्टीचं काय मनावर घेतेस.”

“मी घेतलंय. मला स्केलिगला ने. खडकावर पाय ठेवला की हो म्हणेन. इथे नाही म्हणणार. इथे म्हटलं तर जन्मभर मॉर्टी सांगत फिरेल, लग्न मी जमवलं म्हणून.”

आता यात अवघड ते काय? पोरीने स्वतःहून होकार कबूल केलेला, आणि नवरदेवाच्या घरची बोट. पण समुद्र शांत असला की बॅटीची बोट उतारूंनी भरलेली, आणि बोट रिकामी असली की समुद्र पिसाळलेला. कधी हॅनीची आई अंथरुणाला खिळलेली. मग खडकाचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं. कुठल्या कुठल्या देशांची माणसं टोप्या सांभाळत आली, परवाने आले, बोटीत किती डोकी ते ठरलं. बॅटी दर वसंतात म्हणायचा, “यंदा नक्की.” हॅनी म्हणायची, “हो, आणि पोप येणारेत न्याहारीला.” दोघांचे केस पिकले.

गेल्या उन्हाळ्यात बॅटीचे डोळे गेले. अगदी गेले नाहीत, पण कडेचं दिसेना. डॉक्टर म्हणाले, हा हंगाम शेवटचा. तेव्हा कुठे त्याने बोटीतली एक जागा न विकता हॅनीसाठी ठेवली. हॅनी चर्चला जायचा निळा कोट घालून आली, सोबत सँडविचचा डबा. धक्क्यावर कुणी चेष्टा केली नाही. मॉर्टीनेसुद्धा नाही, हे लक्षात घ्या.

समुद्र बरा होता. बरा म्हणजे स्केलिगला जितका असतो तितका. तिथे बोट बांधत नाहीत. बोटीचं नाक खडकातल्या पायऱ्यांशी धरायचं, पाणी बोटीला वर उचलतं, आणि ज्या क्षणी बोट आणि पायरी एका पातळीला येतात त्या क्षणी नावाडी म्हणतो, “आत्ता.” उतारूने विचार न करता पाऊल टाकायचं. आधी टाकलं तर पाण्यात, उशिरा टाकलं तर बोट आणि दगडाच्या मधे. बॅटीने आयुष्यभर हा एकच शब्द विकला. त्याच्या बोटीतून कुणी कधी घसरलं नाही.

त्या दिवशीही त्याने एकेकाला उतरवलं. जाडजूड जर्मन, एक पाद्री, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या म्हातारबाई. आत्ता. आत्ता. आत्ता. शेवटी हॅनी. तिने पायरीलगतच्या साखळीला हात घातला. वरून खडकावरच्या रखवालदाराने हात पुढे केला.

पाणी चढलं. बॅटी बोलला नाही. पाणी उतरलं. परत चढलं, चांगलं सपाट, पाळण्यासारखं.

“बॅटी?” हॅनी मागे न बघता म्हणाली.

“ही नको. पुढची.”

पुढची आली. त्याच्या पुढचीही. बॅटीला फक्त निळा कोट दिसत होता आणि त्याखाली तो काळा, बुळबुळीत दगड. मागे दुसरी बोट खोळंबलेली. रखवालदाराने हात हलवून सांगितलं, बाजूला व्हा.

मग बाकीचे वरून उतरेपर्यंत दोघं खडकाखाली तरंगत बसली. वर पायऱ्यांवर माणसं मुंग्यांसारखी. हॅनीने डबा उघडला. तिथेच कुणीतरी फोटो काढला आणि त्या फोटोवर मॉर्टीने लग्न लावलं.

“खा,” ती म्हणाली.

“त्यांना घ्यायला परत लावीन ना बोट, तेव्हा बघू.”

“तेव्हा पाणी वाढलेलं असेल.”

“असेल.”

“तू त्या जर्मनाला तर लगेच म्हणालास.”

बॅटीने सँडविच हातात धरलं, पण चावा घेतला नाही. माणसांना परत घेताना पाणी खरंच वाढलेलं होतं. हॅनी जागची उठली नाही.

बोट पटकन विकली गेली असं म्हणवत नाही. महिनोन्‌महिने पडून राहिली, मग डिंगलच्या माणसाने नेली. ख्रिसमसनंतर हॅनीने दुकानाची किल्ली मालकाला दिली आणि कॉर्कला भाचीकडे राहायला गेली. बॅटी बसपर्यंत तिची पेटी घेऊन गेला. बस सुटण्याआधीही त्याने काही म्हटलं नाही. त्याला सवय लागली असावी.

उपासाच्या आदल्या मंगळवारी पबात गोड धिरडी होती. मॉर्टीने नवं गाणं म्हटलं, पण त्यात बॅटी नव्हता, आणि नव्हता म्हणून सगळे त्याच्याकडेच बघत होते. मॉर्टीला गप्प राहणं कधी जमलंय? ग्लास पुसता पुसता तो म्हणाला, “बॅटी, साऱ्या जगाला ‘आत्ता’ म्हणालास. नेमकी तिच्या वेळी जीभ टाळूला चिकटली होय रे?”

बॅटीने ग्लास चाचपत खाली ठेवला.

“तिच्या जागी तुझी बायको असती ना मॉर्टी, तर पहिल्याच लाटेला म्हटलं असतं.”