आखाजीच्या चोळ्या

आमच्या घरी शिवणाचं मशीन आलं तेव्हा वर्षभर ते कुणीच चालवलं नाही. एका साली कापूस बरा पिकला म्हणून आबांनी ते नंदुरबारहून गाडीत घालून आणलं. बियाण्याच्या पिशव्या घरीच शिवता येतील असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. हाताने फिरवायचं मशीन, काळं, वर सोनेरी वेलबुट्टी. मायने एकदा चाक फिरवलं, दोरा तुटला. पुन्हा फिरवलं, पुन्हा तुटला. मग तिने त्यावर जुनं लुगडं टाकलं आणि त्या लुगड्यावर लसणाच्या गड्ड्या ठेवायला लागली.

आमचं गाव म्हसावदपासून दीड कोसावर. मी नंदुरबारला मामांच्या घरी राहून शिकत होतो. मॅट्रिकची परीक्षा देऊन उन्हाळ्यात घरी आलो, त्या साली घडलेली ही गोष्ट. पास झालो तर जूनमध्ये कॉलेजला जायचं होतं. आमच्या घरातून तोवर कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. त्यामुळे निकाल लागायच्या आधीच गावात लोक माझ्याशी थोडे जपून बोलू लागले होते, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. हे लिहिताना संकोच वाटतो, पण पुढचं सगळं त्यातूनच झालं, म्हणून लिहितो.

घरी आलो तेव्हा फुई आमच्याकडेच होती. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. ती आबांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर तीन वर्षं सासरी काढून ती गेल्या दिवाळीत माहेरी आली होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की तिचे दीर गाडी घेऊन तिला न्यायला येणार होते. आबांच्या मनात वाईट काही नव्हतं. तिचा हक्क तिथे आहे, इथे ती काय करणार, एवढंच ते म्हणत.

फुई त्यांच्यासमोर काही बोलली नाही. मला मात्र एकदा शेंगा फोडता फोडता म्हणाली, "तठे उपाशी कोनी ठेवं नही, भाऊ. पन तीन वरीसमां भाजीमां मीठ बी मन्हा हातनं कोनी पडू दिधं नही."

मी सतरा वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी मशीनवरच्या लसणाच्या गड्ड्या उचलल्या आणि मशीनच्या पेटीतलं माहितीचं पुस्तक काढलं. पुस्तक इंग्रजी होतं. चित्रं बघत, अडलेले शब्द सोडून देत मी वाचलं. दोरा वरच्या खिळ्यातून, मग खाली, मग पुन्हा वर, आणि सुईत डाव्या बाजूने ओवायचा. खालचा दोरा होडीसारख्या एका लहान लोखंडी पेटीत बसायचा. आम्ही ती उलटी बसवत होतो. ती सुलट बसली आणि फुईने चाक फिरवलं, तर जुन्या धोतराच्या तुकड्यावर सरळ टीप उठली. फुईने तो तुकडा उजेडात धरला, मागून पुढून पाहिला आणि नखाने टाका उसवून बघितला. उसवेना.

"हातनी टीप इतली सारखी येस नही," ती म्हणाली.

हातशिवण तिला आधीपासून चांगलं येत होतं. धावदोरा, टीप, काठ दुमडून तुरपणं, सगळं. मशीनने तिला फक्त वेग दिला. आठ दिवसांत तिने पिशव्या, उशीचे अभ्रे, माझे दोन लेंगे शिवले. मग माय म्हणाली की आखाजी जवळ आली आहे, गावातल्या बायांनी चोळ्या दिल्या तर?

आखाजीला आमच्याकडे सासरी गेलेल्या सगळ्या लेकी माहेरी येतात. लिंबाला झोके बांधतात आणि लेकीला नवी चोळी देतात. ही चोळी लेक यायच्या आधी शिवून तयार पाहिजे. शिंपी बाईच्या अंगाला टेप लावत नाही. मापाला लेकीची मागच्या आखाजीची चोळी द्यायची, ती माहेरी ठेवलेलीच असते. शिंपी त्या चोळीवरून नवी कापतो. हीच रीत.

पहिले दोन दिवस कुणी आलं नाही. कारण उघड होतं, पण कुणी बोलत नव्हतं. शेवटी समोरच्या घरची म्हातारी दोन खण आणि दोन जुन्या चोळ्या घेऊन आली आणि ओट्यावरूनच मोठ्याने म्हणाली, "सुईले काय कळस, हात रांडावना शे का सवाशीनना? ले वं, मन्ह्या दोन्ही नातीसन्या शिव."

मग बाकीच्या आल्या. अकरा चोळ्या झाल्या. फुई चार दिवस त्या कापत आणि शिवत होती. आबा येता-जाता बघायचे. एकदा म्हणाले, "बरं शे, हातले काम शे." त्यांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे पुष्कळ. फुईच्या मनात काय चाललं आहे ते मला कळत होतं. ही अकरा कामं नीट झाली तर गावात तिचं काम चालेल, आणि काम असेल तर दिरांना नाही म्हणता येईल.

पहिली चोळी शिवून झाल्यावर तिने ती उलटी केली. शिवणीच्या आत कापडाच्या दोन-दोन बोटं रुंद कडा लोंबत होत्या. मी पुस्तक उघडून बसलो होतो. एका चित्रात कात्री अगदी टिपेला लागून जादा कापड कापताना दाखवली होती.

"हे कापून टाकायचं," मी म्हणालो.

"भाऊ, शिंपी तं आत कापड ठेवस."

"फुई, पुस्तकमां असंच लिखेल शे."

चित्राच्या वरची ओळ मला नीट कळली नव्हती. तिच्यातले दोन शब्द मी सोडून दिले होते. पण ते मी बोललो नाही. फुईने क्षणभर कात्री हातात तशीच धरली.

"तुले वाचता येस, तं तसंच व्हई," ती म्हणाली, आणि तिने अकराही चोळ्यांच्या आतल्या कडा टिपेला लागून कापल्या. आतून चोळ्या इतक्या स्वच्छ दिसत होत्या की माय त्या उलट्या करून शेजारणींना दाखवत होती.

आखाजीच्या दिवशी जेवणं आटोपून पोरी झोक्यावर जमल्या. मी पाराजवळ बसलो होतो. म्हातारीची मोठी नात झोक्यावर उभी राहिली, दोन्ही हात वर करून दोर धरला, तिसऱ्या हेलकाव्याला गुडघे वाकवून जोर दिला आणि टर्र असा आवाज झाला. ती खाली बसली. काखेखाली चोळी फाटली होती. टीप तशीच शाबूत होती, पण टिपेजवळून कापडाचं सूत सुटून बाहेर आलं होतं.

"माय वं माय! एक झोका नि चोळी गई!" कुणीतरी ओरडलं.

दुसरी म्हणाली, "मन्ही दंडले रुतस म्हनीसन मी झोकावर बठनूच नही." तिसरीची गाठ पुढे बसतच नव्हती, तिने चोळी पदराखाली दडवली होती. मग एकेक बोलायला लागली. अकरांपैकी सात चोळ्या घट्ट होत होत्या.

"मशीननी चोळी शे, बाई. ती झोकावर नेवानी नही, पेटीमां ठेवानी शे!" एक काकू म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

फुई तिथेच उभी होती. म्हातारीची नात तिला हळूच म्हणाली, "फुई, मांगली आखाजीले मी पोर व्हतू. आते पोरनी माय शे." तेव्हा मला समजलं. चोळी मापाबरहुकूम होती, पण माप मागच्या सालचं होतं. तेरा-चौदा वर्षांच्या पोरी वर्षात वाढतात, कुणाला मूल होतं. शिंप्याला हे ठाऊक असतं, म्हणूनच तो आत दोन बोटं कापड ठेवतो. घट्ट झाली तर टीप उसवायची आणि बाहेरून घ्यायची. आमच्या चोळ्यांत घ्यायला आत काहीच उरलं नव्हतं.

फुईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "काढीसन द्या, मी दखस," एवढंच म्हणाली आणि घरी आली.

मी पुस्तक घेऊन मागच्या अंगणात गेलो. शब्द लावून ती ओळ पुन्हा वाचली. ते चित्र कॉलर उलटवण्याबद्दल होतं. कॉलर उलटताना आत जाडी नको म्हणून कडा कापायच्या. चोळीशी त्याचा काही संबंध नव्हता.

घरात आबांना बातमी पोचली होती. ते मायला सांगत होते, "म्हनीसन मी म्हनस, दीर उना की धाडी देवूत. आठे उगा लोके हासतीन." फुई चुलीजवळ बसून सुईत दोरा ओवत होती. ओवून झाला तरी तिने मान वर केली नाही.

मी दारात उभा होतो. गप्प राहिलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. फुई सांगणार नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी पुस्तक हातात घेऊनच आत गेलो.

"आबा, ते कापड मी कापाले लावं," मी म्हणालो. "फुई नही म्हनत व्हती. मी सांगं, पुस्तकमां शे."

"पुस्तकमां व्हतं का?"

"व्हतं. पन कॉलरनं व्हतं."

आबांनी विचार केला. "आपला गावमां कॉलर कोनले शे रे?"

मायला हसू आवरलं नाही. आबा हसले नाहीत. ते फुईकडे वळून म्हणाले, "तू काब्र बोलनी नही?"

"तो शिकेल शे, दादा," फुई म्हणाली.

ती पिशवी घेऊन उठली. जुन्या लुगड्याचे तुकडे, कात्री, बोटात घालायचं अंगुस्तान आणि दोऱ्याचं रीळ. मी बरोबर गेलो, कारण घरी बसवत नव्हतं. पहिलं घर म्हातारीचं. आतल्या खोलीत तिने नातीला उभं केलं, मी बाहेर ओट्यावर बसलो. आतून ऐकू येत होतं.

"झोकावर उभी ऱ्हास तसा हात वर कर. आखो वर. रुतस का?"

"नही."

"आते खाले वाक."

अंगाला दोरा लावून ती त्यावर मापाच्या गाठी मारत होती, हे तिने मला नंतर सांगितलं. एक गाठ छातीची, एक दंडाची, एक काखेची. मग तिने काखेत लुगड्याचा चौकोनी तुकडा हाताने जोडला, बारीक उलट टीप घालून, आणि या वेळी आत दोन बोटं कापड ठेवलं. दोन दिवसांत सातही घरं झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीच्या धाकट्या नातीला झोक्यावर बघितलं. तिची चोळी आधीही घट्ट नव्हती. तरी ती घरी येऊन फुईला म्हणाली, "मन्हं बी अंगवर माप ले ना." तिच्यामागे आणखी दोघी होत्या. शिंप्याने चोळीवरून शिवलेली चोळी बसते, पण इतकी बसत नाही, असं आपापसात बोलत होत्या. अंगावर माप घेणारं गावात आजवर कुणी नव्हतंच. सासरी परत जायच्या आत त्यांना चोळ्या हव्या होत्या. मशीनशेजारच्या भिंतीतल्या खिळ्यावर गाठी मारलेले दोरे लोंबायला लागले. कुठला दोरा कुणाचा, हे तिला गाठीवर बोट फिरवून कळायचं.

पाचव्या दिवशी दीर आले. बैल सोडले, पाणी प्याले, ओट्यावर बसले. आत मशीन चालत होतं. आबा त्यांच्याशी पाऊसपाणी बोलले, जेवण झालं. शेवटी दिरांनी विचारलं, "मंग, कवय निंघूत?"

आबा म्हणाले, "तिले इचारा."

दीर चमकले असावेत. फुई दारापर्यंत आली. डोक्यावर पदर होता आणि पदरात एक टाचणी खोचलेली होती.

"भाऊजी, मी नही येस," ती म्हणाली. "आठे काम शे."

दिरांनी आबांकडे पाहिलं. आबा सुपारी कातरत होते. दीर उठले, बैल जुंपले आणि जाता जाता जरा तिरकस म्हणाले, "मंग आमना घरनी बाईनी चोळी बी शिवशी का? देऊ का धाडी?"

"चोळी नका धाडू," फुई म्हणाली. "बाईले धाडा."

पावसाळा संपता संपता फुईची ती जाऊबाई खरंच गाडीत बसून माप द्यायला आली. मी तेव्हा कॉलेजात होतो, मायच्या पत्रातून मला हे कळलं.